बसच्या बदल्यात

आम्ही हर्नडन शहर सोडून त्या लहान गावात राहायला गेलो, त्याच उन्हाळ्यात तिथे बेसबॉलची टीम सुरू झाली. नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागायचं, म्हणून तासाभराच्या अंतरावरचं, मोठं बेसमेंट असलेलं एक जुनं घर आम्ही घेतलं. मी नागपूरला कॉलेजात गणित शिकवायचे. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. मुलगी शाळेत गेली, की घर होतं आणि मी होते.

शेजारच्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहायची. पोस्टातून रिटायर झालेली, तब्येतीने खणखणीत. एका सकाळी कुत्र्याला फिरवताना ती आमच्या अंगणाशी थांबली आणि म्हणाली, "तुमच्या बेसमेंटमध्ये कोणी राहतं का?"

मी नाही म्हटलं. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक खेळाडू राहायला आला.

या देशात मोठ्या टीम्सच्या हाताखाली लहान गावांतून टीम्स असतात. तिथे मुलं तयार होतात आणि वर जातात. आमच्या गावची टीम तशी नव्हती. तिच्या डोक्यावर कोणी नव्हतं, ती मालकाची आणि गावाची. मोठ्यांनी काढून टाकलेली, किंवा कधी घेतलीच नाहीत, अशी मुलं तिथे यायची. कोणीतरी आपल्याला बघेल आणि वर बोलावेल या आशेवर ती खेळायची. पगार नावापुरता, त्यामुळे त्यांच्या राहण्याची सोय गावातल्या घरांनी करायची. आपण खोली आणि जेवण द्यायचं, टीम आपल्याला मॅचच्या सीट्स देणार. ही सगळी व्यवस्था म्हातारी बघायची.

"एक सांगून ठेवते," ती मला म्हणाली होती, "त्यांचे वाढदिवस विचारायचे नाहीत. वाढदिवसापर्यंत टिकत नाहीत ते."

मला वाटलं, ती गंमत करतेय.

पहिला आला तो टेक्ससचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकच म्हणा. दांडगा, लाजाळू, माझ्या हातच्या पोळ्या नुसत्या तुपाशी खायचा. पंधरवडाही झाला नसेल. दुपारी त्याने कपडे ड्रायरमध्ये टाकले आणि प्रॅक्टिसला गेला. तासाभरातच म्हातारीचा फोन आला, की त्याच्या बॅगा भरून दारात ठेव, गाडी येतेय. त्याचे कपडे अजून गरम होते. मी घड्या घातल्या. तो आत आलासुद्धा नाही, दारातूनच बॅग घेतली आणि "थँक यू, मॅम" म्हणाला. डोळे सुजलेले होते.

माणसं काढायची मॅनेजरची एक पद्धत होती, ती मला पुढे कळली. ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाच्या कपाटावर पांढरी चिकटपट्टी असे आणि तिच्यावर मार्करने नाव. ज्याला काढायचं त्याची पट्टी मॅनेजर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढून टाकायचा. बोलायचा काही नाही. मुलगा यायचा, कपाटाकडे बघायचा आणि त्याला कळायचं. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत बसायचे. वर बघायचं नाही, असा त्यांचा अलिखित नियम होता.

मालक मात्र हसरा. बुटका, गोलमटोल, स्विमिंग पूल बांधून द्यायचा धंदा. मॅच सुरू होण्याआधी तो हातात माइक घेऊन मैदानात उभा राहायचा. गावातल्या अर्ध्या लोकांना तो नावाने ओळखायचा. दर मॅचला काहीतरी टूम असायची. कधी कुत्र्यांना फुकट प्रवेश, कधी जाड्या माणसांची शर्यत, कधी गावातल्या टकल्यांची मैदानात रांग. एकदा त्याने मला उभं केलं. "या आमच्या करी लेडी. यांच्याकडे राहणारा मुलगा लांबून वासावरूनच ओळखू येतो." तीन बाजूंनी हशा आला. मी हात हलवला. माझ्या शेजारी मुलगी बसली होती, तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिने हुडी डोक्यावर ओढून घेतली.

तरीही आम्ही जायचो. गावात दुसरं होतं काय? आणि टीम चांगली होती. लोक शनिवारी सहकुटुंब यायचे, हॉट डॉग खायचे, घसा फाटेपर्यंत ओरडायचे. आमचा माणूस चुकला, तर त्याची आईसुद्धा काढायचे. मुलं पाठ करून उभी राहायची. ऐकू येत नाही असं दाखवण्याचीही एक ढब असते. ती त्यांना लवकर जमायची.

चौथ्या की पाचव्या उन्हाळ्यात आमच्याकडे डावखुरा आला. पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावचा. इंग्रजी अगदी मोडकं. पहिल्याच दिवशी त्याने मला "मामी" म्हटलं. मी चमकले. मग कळलं, त्यांच्याकडे आईला मामी म्हणतात. आमच्याकडे मामी कोणाला म्हणतात ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

तो टिकला. तीन उन्हाळे आमच्याच बेसमेंटमध्ये राहिला. भात आणि उसळ त्याला घरचीच वाटायची. त्यांच्याकडेही राजमा-भात रोज असतो म्हणे. सकाळी तो मागच्या अंगणात माझ्या मुलीला बॉल फेकायला शिकवायचा. ती त्याला इंग्रजीत सूचना द्यायची, तो स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. ती शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये गेली ती त्याच्यामुळे.

मैदानात तो लोकांचा लाडका होता. बॉल टाकण्याआधी उजवा पाय छातीपर्यंत उचलून क्षणभर तसाच थांबायचा, बगळ्यासारखा. लहान मुलं स्टँडमध्ये त्याची नक्कल करायची. मालक माइकवर त्याचं नाव लांबवून लांबवून घ्यायचा. वरून कोणीतरी त्याला बघायला येणार, असं दर उन्हाळ्यात बोललं जायचं. कोणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा खांदा दुखायला लागला. बर्फाच्या पिशव्या मी फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी ठेवायचे. मॅनेजरला सांगू नका, एवढंच तो म्हणायचा.

त्याच वर्षी टीमची बस वरचेवर बंद पडू लागली.

जूनमधली सकाळ होती. मी थालीपीठ लावत होते, तो ओट्याशी उभा राहून कॉफी पीत होता. नवरा वर कॉलवर होता. शेजारची म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराने आत आली. ती अशी न विचारता कधी यायची नाही. तिला हसू आवरत नव्हतं.

"रेडिओ ऐकलास का?"

"नाही. काय झालं?"

"त्याला ट्रेड केलंय." तिने हनुवटीने त्याच्याकडे खूण केली. "मालक आत्ताच सांगत होता. पलीकडच्या राज्यातल्या टीमला दिलाय. बसच्या बदल्यात. त्यांची जुनी बस आपल्याला. हसून हसून पुरेवाट झाली रेडिओवाल्यांची."

डावखुऱ्याला 'ट्रेड' हा शब्द कळला. बाकीचं तिचं भराभर बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हातारीनेही माझ्याकडे पाहिलं. सांगायचं माझ्याच वाट्याला आलं.

मी गॅस बंद केला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की तुला दुसऱ्या टीमकडे जायचंय.

"कोणासाठी?" त्याने विचारलं. आपल्या बदल्यात कोण येतोय, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पिचर की बॅटर.

"कोणासाठी नाही," मी म्हटलं. "बससाठी."

"बस?"

"बस. गाडी." मी हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

तो हसला. त्याला वाटलं, मला इंग्रजी शब्द सापडत नाहीये. मग त्याचा फोन वाजला, मॅनेजरचा होता. तो ऐकत राहिला, तीन-चारदा "येस, सर" म्हणाला. फोन ठेवल्यावर थालीपीठाचं ताट पुढे ओढून त्याने सगळं खाल्लं, अगदी संथपणे, आणि ताट धुऊन ठेवलं.

"एसी आहे का तिला?" त्याने म्हातारीला विचारलं.

"असावा," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

दुपारी मी त्याला स्टेडियमवर सोडायला गेले. पार्किंगमध्ये ती बस उभी होती, पांढरी, एका बाजूला पोचा आलेली. मालकाने तिला लाल रिबन बांधली होती. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर आला होता. मालक डावखुऱ्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "राग नाही ना? हा धंदा आहे. आणि तू आता फेमस होणार." रिबनचा एक तुकडा उरला होता. तो डावखुऱ्याच्या गळ्यात बांधावा, असं त्याला ऐन वेळी सुचलं. त्याचा हात पोचेना, म्हणून डावखुऱ्याने मान खाली केली. मालकाने गाठ मारली, बो नीट केला. फोटोग्राफर म्हणाला, "स्माइल." त्याने स्माइल दिलं.

समोरच्या टीमचा ड्रायव्हर किल्ल्या देऊन मोकळा झाला आणि त्यांच्या व्हॅनमध्ये बसला. डावखुऱ्याने आपली बॅग मागे टाकली. रिबन सोडून त्याने खिशात ठेवली, जमिनीवर टाकली नाही.

मालक म्हणाला ते खरं झालं. ती बातमी गावाबाहेर गेली. दूरदूरच्या चॅनेल्सनी ती बातम्यांच्या शेवटी, हसवण्यासाठी दाखवली. सनीव्हेलहून माझ्या नणंदेचा मेसेज आला, "अगं, तुमच्या गावचं बघितलं, कसले भारी लोक आहेत यार." खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. तो आमच्याकडे राहायचा हे तिला माहीत होतं. लक्षात राहिलं नसेल.

ऑगस्टमध्ये त्याची नवी टीम आमच्या गावात खेळायला आली. रविवारची दुपार, कडक ऊन. मालकाने आठवडाभर जाहिरात केली होती आणि स्टेडियम बऱ्याच दिवसांनी भरलं होतं. गेटवर प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकचा भोंगा देत होते, पिवळा, बसच्या हॉर्नसारखा आवाज काढणारा. मी घेतला नाही. नवऱ्याने घेतला आणि मांडीवर ठेवला. मुलगी तेव्हा चौदाची. ती आमच्या पुढच्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली.

तो मैदानात आला, तेव्हा आधी टाळ्या झाल्या. मनापासूनच्या वाटाव्यात अशा. त्याने टोपी काढली. मग त्याने पहिला बॉल टाकायला पाय उचलला आणि सगळं स्टेडियम एकदम भोंगा वाजवू लागलं.

बॉल जमिनीवर आपटला. लोक खिदळले. दुसऱ्या बॉलला पुन्हा तेच. तो पाय उचलायचा, भोंगे वाजायचे, पाय खाली आला की थांबायचे. पाय वर धरून थांबायची त्याची सवय लोकांना पाठ होती. थोड्या वेळाने त्याने पाय उचलणंच सोडलं आणि तसाच फेकायला लागला. त्यात जोर नव्हता. आमच्या बॅटर्सनी त्याला झोडपलं. कालपर्यंत ते त्याच्याशेजारी बसून जेवायचे. एक जण बॉल सीमेपार मारून पळत गेला, तेव्हा त्याच्याजवळून जाताना मान खाली घालून गेला. बाकीचे हसत होते.

त्याच्या मॅनेजरने त्याला काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही मॅच होती, दुसरे पिचर राखून ठेवायचे असणार. तो फेकत राहिला. दोन बॉलच्या मध्ये डावा हात खाली लोंबकळत सोडायचा. त्याचा अर्थ मला कळत होता. तो जाईपर्यंत त्या खांद्यावर मी रोज बर्फ ठेवला होता.

माझी मुलगीही भोंगा वाजवत होती. गाल फुगवून, मैत्रिणींकडे बघत. मी पुढे वाकून तिच्या पाठीला हात लावला.

"बंद कर ते."

"आई, इट्स जस्ट अ जोक."

"तो तुला ओळखतो."

"एव्हरीबडी इज डूइंग इट." मग मान न वळवता ती म्हणाली, "ही इज नॉट अवर फॅमिली. आय नेव्हर इव्हन गॉट टू हॅव माय फ्रेंड्स इन द बेसमेंट."

ते खरंच होतं. बेसमेंट दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाचं असायचं. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे, लहान आहे." त्याचा भोंगा अजून त्याच्या मांडीवर होता.

शेवटी त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला.

संध्याकाळी, उजेड असताना, आमची बेल वाजली. दारात तो, हातात बॅग. मॅच संपल्यावर तिथल्या तिथे, पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला काढून टाकलं होतं. त्याची टीम गावाबाहेरच्या हॉटेलवर गेली, हा स्टेडियमवरून चालत आमच्याकडे आला. तिकिटाचं बघेपर्यंत बेसमेंटमध्ये राहू का, असं विचारत होता.

मी त्याला आत घेतलं. नवरा हॉलमध्ये उभा होता. त्याने हसून त्याच्याशी हात मिळवला, पाणी दिलं, आणि मग माझ्याशी मराठीत बोलायला लागला, आवाज अगदी साधा ठेवून.

"याचा व्हिसा टीमवर होता ना?"

"हो."

"म्हणजे आता काय स्टेटस आहे याचं?"

"मला काय माहीत? थोडे दिवस देत असतील."

"देत असतील आणि देत नसतील. आपली ग्रीन कार्डची फाइल कुठे अडकलीय तुला माहितीये. उद्या कोणी विचारलं, घरात कोण राहतं, तर काय सांगणार?"

"अरे, त्याला तिकीट मिळेपर्यंतच—"

"एक रात्र. उद्या सकाळी एअरपोर्ट. मी वाईट माणूस नाहीये गं. पण मला रिस्क नकोय."

डावखुरा पाण्याचा ग्लास धरून उभा होता. मराठीतलं 'व्हिसा', 'स्टेटस', 'रिस्क', 'एअरपोर्ट' त्याला कळायला काही अडचण नव्हती. त्याने ग्लास टीपॉयवर ठेवला.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "ओके. नो प्रॉब्लेम."

त्या रात्री नवऱ्यानेच त्याचं तिकीट काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पुढे कधी हा विषय निघाला, की तो हे आवर्जून सांगतो.

सकाळी मी खाली गेले, तर चादरी, उशांचे अभ्रे काढून, घड्या घालून गादीवर ठेवलेले. मुलगी जिन्यात उभी होती, शाळेत असल्यासारखी सरळ. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "गुड आर्म" म्हणाला. ती वळली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

गाडीत त्याने बॅग मांडीवर घेतली होती. हायवेला लागल्यावर म्हणाला, "मामी, तू नाही वाजवलास."

"नाही."

"माहीत आहे. मी तुमच्याच सीट्सकडे बघत होतो. मोठ्या गर्दीत फेकायचं असेल तर एक माणूस निवडायचा, असं मला लहानपणी शिकवलंय. त्याच्याकडे बघायचं. बाकीचे दिसत नाहीत." तो खिडकीबाहेर बघत होता. "मी तिच्याकडे बघत होतो. ती पुढे बसली होती ना."

एअरपोर्टवर मी त्याला डबा दिला. त्याने उजव्या हाताने घेतला. डावा वर उचलत नव्हता.

त्यानंतर टीम आणखी दोन उन्हाळे चालली. आमच्याकडे मात्र कोणी राहायला आलं नाही, मी म्हातारीला नाही म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. "तू बऱ्यापैकी टिकलीस," म्हणाली. भोंग्यांची गंमत लोकांना पुन्हा पुन्हा हवी होती. मालकाने नवनव्या टुमा काढल्या, पण कुठल्याच तेवढ्या चालल्या नाहीत. स्टँड रिकामे पडू लागले. मग एका हिवाळ्यात गावाला बातमी कळली, की मैदान विकलं. तिथे डेटा सेंटर होणार होतं, आमच्या भागात सगळीकडे होतात तसं. खेळाडूंना फोनवर मेसेज गेले. त्यातले काही सुट्टीत घरी होते, पुढच्या उन्हाळ्यासाठी व्यायाम करत.

स्टेडियम पाडायच्या आधी मालकाने तिथल्या खुर्च्या आठवण म्हणून विकायला काढल्या. नवऱ्याला एक हवी होती, म्हणून आम्ही गेलो. थंडीत लांब रांग होती. माणसं रडत होती. आमच्या पुढे उभा असलेला दाढीवाला माणूस आपल्या मुलाला सांगत होता, की इथे आपण एका कुटुंबासारखे होतो. मालक प्रत्येकाला मिठी मारत होता. मला मिठी मारून म्हणाला, "तुम्ही किती मुलांना आसरा दिलात."

मी त्याला विचारलं, "तो डावखुरा कुठे असतो, काही कळलं का?"

"कोण डावखुरा?"

"बसच्या बदल्यात दिलात तो."

त्याचा चेहरा उजळला. "ती बस," तो म्हणाला. "काय दिवस होते. सगळ्या देशाने बघितलं." आणि मागच्या माणसाला मिठी मारायला वळला.

तो कुठे असतो हे मला ठाऊक होतं. त्याच्या गावात भावाच्या गॅरेजमध्ये टायर बदलतो. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, ते झालं नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी फोन करतो, सगळ्यांची चौकशी करतो. नवऱ्याची आधी.

मुलगी आता कॉलेजात आहे. सॉफ्टबॉल तिने त्याच वर्षी सोडला, कारण विचारलं तर चिडायची. मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली होती. भांडी पुसता पुसता तिने मला विचारलं, "आई, डू यू स्टिल हॅव हिज नंबर?" मी दिला. तिने फोनमध्ये सेव्ह केला आणि उरलेली भांडी पुसली. तिने त्याला फोन केलेला नाही. तो बोलतो तेव्हा मी विचारत नाही, पण केला असता तर त्याने सांगितलं असतं.